वस्तऱ्याला धार लावण्यास किती वेळ लागतो?

वस्तरा पाजविण्यास किती वेळ लागतो, या प्रश्नाचे उत्तर पाव तास असेही देता येते आणि तीन तास असेही. दोन्ही उत्तरे खरी आहेत. कारण वेळ ठरतो तो कारागिराच्या चपळाईवर नव्हे, तर निसण्यावर येतेवेळी धारेची अवस्था काय होती यावर.

प्रथम धार म्हणजे काय ते पाहू. वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि तेथून पाते निमुळते होत जाते. शेवटी दोन्ही अंगांचे दोन अरुंद उतार ज्या रेषेत मिळतात, ती रेषा म्हणजे धार. सुरी पाजविताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तरा मात्र दगडावर सपाट ठेवतात. त्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, आणि कोन पाठीच्या जाडीनेच बांधून दिलेला असतो. पात्याची रुंदी पाठीच्या जाडीच्या साधारणपणे साडेतीन ते चार पट असते. त्यामुळे दोन उतारांमधील कोन सुमारे १४ ते १६ अंश भरतो. पाजविताना धारेबरोबर पाठही झिजते, म्हणून हा कोन वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही.

उत्तम धारेच्या टोकाची जाडी एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी असते. आता समजा, वस्तरा हातातून निसटून नळाच्या तोटीवर आपटला आणि धारेला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा खांडा पडला. हा खांडा भरून काढता येत नाही. त्याच्या बुडापर्यंत सबंध धार मागे न्यावी लागते. म्हणजे १०० मायक्रॉन पोलाद धारेच्या संपूर्ण लांबीवर घासून काढावे लागते. जोर देऊन हे काम उरकता येत नाही, कारण पाते पातळ असल्याने दाबाखाली लवते आणि उतार वेडावाकडा घासला जातो. तास-दोन तास जातात ते येथे.

या कामाचे सामान्यतः तीन टप्पे मानतात. पहिल्या टप्प्यात साधारण १००० क्रमांकाच्या, म्हणजे सुमारे १५ मायक्रॉनचे कण असलेल्या दगडावर दोन्ही उतार एका रेषेत आणतात. दुसऱ्यात ४००० व ८००० क्रमांकाच्या अधिकाधिक बारीक दगडांवर मागील दगडाचे ओरखडे पुसून काढतात. तिसऱ्यात चामड्याच्या पट्ट्यावर धार साफ करतात. दगडावर धार पुढे ठेवून पाते सरकवावयाचे, तर चामड्यावर पाठ पुढे ठेवून. अन्यथा धार चामडे कापील आणि स्वतःही बिघडेल.

नवशिक्याचा वेळ बहुधा पहिला टप्पा अपुरा सोडल्यामुळे वाया जातो. उतार जेथे मिळालेले नाहीत, तेथे बारीक दगड कितीही वेळ फिरविला तरी उपयोग नाही, कारण तो फार थोडे पोलाद काढतो. उतार मिळाले की नाही, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. दिव्याखाली वस्तरा धरून धारेकडे समोरून पाहावे. जेथे बारीक चकाकणारा ठिपका वा रेघ दिसेल, तेथे प्रकाश परतविण्याइतकी रुंदी अजून शिल्लक आहे. खरी धार समोरून दिसत नाही. तेव्हा टप्पा संपला की नाही हे घड्याळाला न विचारता या चकाकीला विचारावे.

बेल्जियममधील आर्देन प्रदेशात, व्हिएल्साम गावाच्या परिसरात मिळणारा 'कोटिक्युल' हा पिवळसर दगड या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्याच दगडाचा लहान तुकडा पाणी घालून त्यावर घासला की दुधासारखे गढूळ पाणी तयार होते. त्यात स्फटिक मोकळे झालेले असल्याने पोलाद वेगाने झिजते आणि पाणी हळूहळू काळवंडते. मग थेंब थेंब पाणी घालून ते पातळ करीत जातात आणि अखेरीस स्वच्छ पाण्यावर काम पूर्ण करतात. अशा रीतीने एकच दगड भरड आणि बारीक दोन्ही कामे करतो.

धार मुळात जाते का? केस पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसून आले की, केस कापला जात असताना वाकतो आणि पोलादाची अंतर्रचना सर्वत्र सारखी नसल्याने धारेतून सूक्ष्म कपचे उडतात. चामड्याचा पट्टा धार साफ करतो, सरळ करतो. परंतु उडालेला कपचा परत आणीत नाही. म्हणूनच रोज चामड्यावर घासलेला वस्तराही काही महिन्यांनी दगडावर न्यावा लागतो.

सारांश, रोजची चामड्यावरील घासणी दोन मिनिटांची, दाढी ओढू लागलेल्या वस्तऱ्यास पाव तास, पुरत्या बोथट झालेल्यास पाऊण तास, आणि खांडे पडलेल्या जुन्या वस्तऱ्यास तीन तासदेखील लागू शकतात. मात्र दगडावर घालविलेला प्रत्येक मिनिट पात्यातील थोडे पोलाद कायमचे घेऊन जातो. गरजेहून अधिक पाजविणे म्हणजे वस्तऱ्याचे आयुष्य घटविणे; गरजेहून कमी पाजविले तर त्याची किंमत गळ्यावरील कातडीला मोजावी लागते. वेळेआधी थांबू नये, आणि खूण दिसल्यावर पुढे घासू नये, एवढेच या विद्येचे मर्म आहे.