भावाचा ट्रॅक्टर आणि हरवलेले समाधान

प्रश्न : शेंद्रा परिसरातील औद्योगिक प्रकल्पात जमीन गेली, मोबदल्यातून स्लॅबचे घर झाले, मुलगा कंपनीत लागला. तरीही भावाच्या दारात नवा ट्रॅक्टर आल्यापासून अन्न गोड लागत नाही. असे का व्हावे? (एक वाचक, करमाड)

उत्तर : स्वतःला जोखण्याचे निश्चित माप हाती नसले की माणूस आपल्यासारख्याच माणसांशी स्वतःला ताडून पाहतो, असे लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले, या प्रवृत्तीला सामाजिक तुलना म्हणतात, आणि म्हणूनच मुंबईच्या उद्योगपतीचा बंगला बोचत नाही, भाऊबंदाचा ट्रॅक्टर मात्र बोचतो. शेती होती तोवर पीकपाणी, विहीर, बैलजोडी अशी अनेक मापे होती. ती गेल्यावर पैसा हे एकच उरले, तेव्हा या अस्वस्थतेला स्वभावदोष मानणे अन्यायाचे ठरेल.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती घटना, धारणा आणि परिणाम वेगळे करते : ट्रॅक्टर ही घटना, ‘भावाहून मागे म्हणजे नालायक’ ही धारणा, अन्नावरची वासना उडणे हा परिणाम. ही धारणा कागदावर लिहून तिच्याकडे पुरावा मागितला, तर बहुधा ‘ट्रॅक्टर मलाही हवा होता’ एवढी साधी, निरोगी इच्छाच शिल्लक राहते. त्यानंतर भावाकडे जाऊन बसावे. हप्त्यांचा घोर आणि गेलेल्या जमिनीची हळहळ त्यालाही असू शकते. भूक व झोप दोन आठवड्यांहून अधिक बिघडलेली राहिल्यास ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो.