लांब फेकीसाठी कोणती लाइन

लेस्टर

चि. सई,

ब्रिस्टलला गेल्यावर चू व्हॅलीच्या तलावावर रॉड घेऊन उभी राहू लागलीस, हे वाचून मनापासून आनंद झाला. फेक वीस यार्डांपुढे जात नाही आणि दुकानदार शूटिंग हेड घ्या म्हणतो, तर घेऊ का, असं विचारलंस. आत्ता घेऊ नकोस. का, ते सांगतो.

फ्लायला म्हणावं असं वजनच नसतं. आपण फेकतो ती लाइन, फ्लाय तिच्यामागून जातो. म्हणून लाइनचं वजन किती आणि ते किती लांबीत वाटलंय, हे आधी बघायचं. लाइनच्या खोक्यावरचा ७ हा आकडा पहिल्या तीस फुटांचं वजन सांगतो: १८५ ग्रेन, म्हणजे साधारण १२ ग्रॅम. पुढच्या फुटांबद्दल तो काहीच सांगत नाही. तू चाळीस फूट हवेत खेळवलीस तर रॉडवर सोळा-सतरा ग्रॅमचा भार येतो. लांब फेकायचं तर एक नंबर जड लाइन घ्या, हा सल्ला तुला काठावर हमखास मिळेल. ज्याची लाइन तीस फुटांच्या आतच असते त्याला तो उपयोगी पडतो. लांब फेकणाऱ्याचा रॉड मात्र त्या वजनाने नुसता वाकून बसतो. त्यातून काही कंपन्या मुद्दाम नंबरापेक्षा जड लाइन बनवतात. तेव्हा नंबरावर थांबू नकोस. हेड, म्हणजे लाइनचा पुढचा जाड भाग, किती फुटांचं आणि एकूण किती ग्रॅमचं, हे विचारूनच पैसे दे.

वेट-फॉरवर्ड लाइनमध्ये पुढचं जाड हेड आणि मागे बारीक रनिंग लाइन असते. हेड रॉडच्या शेंड्याबाहेर आलं की ते सोडायचं, बारीक लाइन ते स्वतःबरोबर ओढून नेतं. हेड आखूड असेल तर रॉड पटकन भरतो, मागे झाडी असली तरी जमतं. पण शेंड्याबाहेर थोडी जास्त बारीक लाइन गेली की लूप डळमळतो, आणि हेड पाण्यावर आपटतं. शूटिंग हेड म्हणजे आखूड जड हेड आणि मागे वेगळी जोडलेली अगदी बारीक रनिंग लाइन; त्यात हे सगळं टोकाला जातं, शिवाय ती बारीक लाइन वाऱ्यात पायाशी गुंतते. चू उथळ आहे, सरासरी खोली चौदा फुटांच्या आसपास. तिथे ट्राउट काठाजवळ चरायला येतात आणि आपटलेल्या लाइनने बिथरतात. पन्नास फुटांपुढचं लांब हेड सुरेख उलगडतं, पण त्याला मागच्या फेकीची वेळ अचूक साधावी लागते. ती तुझ्या हातात अजून बसायची आहे. तू पस्तीस फूट सहज खेळवतेस, तेव्हा चाळीस फुटांच्या आसपासचं हेड तुला योग्य. डबल टेपर होडीतून जवळ फेकायला छान, एक टोक झिजलं की उलटीही करता येते. लांब फेकीत मात्र तिचा जाड मधला भाग रॉडच्या कड्यांतून सरकत नाही.

वाऱ्याचंही बघ. फ्लोटिंग लाइन तरंगावी म्हणून तिच्या आवरणात हवेचे सूक्ष्म बुडबुडे असतात, त्यामुळे ती जाड असते आणि वाऱ्यात अडते. तेवढ्याच वजनाची इंटरमीडिएट बारीक असते, वारा कापत जाते, आणि सेकंदाला इंच-दीड इंच बुडत असल्याने लाटा तिला ओढत नाहीत. पण वसंतात बझर, म्हणजे डासासारख्या बारीक माश्या, पाण्यातून निघतात, तेव्हा फ्लाय पाण्यात जवळजवळ स्थिर टांगलेला हवा. ते काम फ्लोटिंगचंच. म्हणून पहिली फ्लोटिंग, आणि जमेल तेव्हा जादा स्पूलवर इंटरमीडिएट.

बाबांनी गोव्याहून पाठवलेली ट्रॉपिकल लाइन इथे लावू नकोस. ती उष्ण हवेसाठी बनवलेली असते. इथल्या गार पाण्यात ती ताठ होते, वेटोळी सुटत नाहीत. साधी लाइनसुद्धा रिळावर वळण धरते. पाण्यावर गेल्यावर आधी ती हातभर हातभर ओढून सरळ कर. शेवाळाने चिकट झालेली लाइन कड्यांतून पळत नाही; कोमट साबणपाण्याने धूत जा. एवढ्याने फेक किती वाढते ते तुझं तुलाच दिसेल.

आणि डबल हॉल शीक. मागची आणि पुढची फेक होताना डाव्या हाताने लाइन झटक्यात खाली खेचायची, की तिचा वेग वाढतो. फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून हिरवळीवर सराव कर, डांबरी रस्त्यावर नको, लाइन खरवडते. ही खेच हातात बसेपर्यंत कोणतीही महागडी लाइन तुला तीस यार्ड देणार नाही.

पाण्यात कमरेपर्यंत उतरण्याआधी काठालगत दोन-चार आखूड फेका टाकत जा. पहाटे आणि संध्याकाळी मासा तिथेच असतो.

तर सात नंबरची, चाळीस फुटी हेडची फ्लोटिंग वेट-फॉरवर्ड घे. रॉड लायसन्सची मुदतही बघून ठेव; तलावाचं तिकीट त्याहून वेगळं काढावं लागतं.

तुझा,
मामा