धंद्याची गरज व कामाची शाश्वती

रायगडच्या किनाऱ्यावर केवळ भातशेतीवर चालणारे घर आता विरळा. एक भाऊ शेत पाहतो, दुसरा कारखान्यात अथवा बंदरावर कामास जातो. ज्या मालावाचून लोकांचे अडते त्या धंद्यातील काम मंदीतही सुटत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा, हे आपल्याच मुलखातील दोन उदाहरणांवरून पाहू.

भाताइतकी आवश्यक वस्तू दुसरी कोणती? तथापि 1929 नंतरच्या जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले. खोती गावांतील कुळास खंड भाताच्या रूपाने द्यावा लागे. भाव उतरला म्हणून तो कमी होत नसे, आणि उरल्या भाताचे पैसे मात्र थोडे येत. शिवाय कसत्या जमिनीवर कुळाचा पक्का हक्क नव्हता. अखेर 1933 साली अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. हा संप 1939 पर्यंत चालला. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात कूळकायदा झाला. पुढे 1948 च्या कायद्याने कुळांचे हक्क अधिक दृढ झाले. भाताची गरज मंदीतही होतीच. भात पिकविणाऱ्यास शाश्वती आली ती कायद्याने.

दुसरे उदाहरण 2020 सालचे. मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा किनाऱ्यावरील पर्यटकांचा धंदा एकाएकी बसला. खतनिर्मिती व बंदरांतील मालवाहतूक यांस मात्र आवश्यक म्हणून मोकळीक होती. थळचा खतकारखाना व न्हावा-शेवा बंदर हे आपल्या जिल्ह्यातील याच वर्गाचे धंदे होत. परंतु धंदा चालू राहिला म्हणजे त्यातील प्रत्येकाचे काम राहतेच असे नव्हे. कायम कामगार व कंत्राटदाराचा कामगार एकाच फाटकातून आत जातात. कंत्राट संपले की दुसऱ्याचे काम संपू शकते.

म्हणून मुलास नोकरीस धाडताना धंदा कोणता एवढेच न पाहता नेमणूक कोणाची व कशी, हेही पाहावे. जमिनीस जसा सातबारा, तसे नोकरीस नेमणूकपत्र. त्यासह पगारपत्रक, हजेरीची नोंद व भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक जपून ठेवावा. वर्षभर अखंड सेवा झालेल्या कामगारास कमी करावयाचे झाल्यास एक महिन्याची लेखी सूचना अथवा तितके वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे, हा 1947 च्या औद्योगिक कायद्यातील नियम 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ठेवलेला आहे. कागद नसल्यास सेवा सिद्ध करणे कठीण जाते.

आता आमच्या जमीनधारक बांधवांस एक विनंती. खारेपाटातील बांध फुटला असता जो गडी चिखलात उभा राहतो, त्याचे कामही अत्यावश्यकच नव्हे काय? त्याची मजुरी व कामाचे दिवस हंगामापूर्वीच ठरवून लिहून ठेवावेत, आणि वर्ष वाईट गेले तरी त्याचा हिशेब प्रथम चुकता करावा. आपणांस सातबाऱ्याची जी किंमत वाटते, तीच त्याला त्या लिहिलेल्या शब्दाची वाटेल.