अभिवचन रजा : शब्द आणि न्याय

फ्रेंच ‘पॅरोल’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘वचन’ असा आहे. महाराष्ट्राच्या कारागृह-व्यवहारातील ‘अभिवचन रजा’ या संज्ञेत तो अर्थ अचूक उतरला आहे.

१९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमात १९८९ साली कलम ३२-अ समाविष्ट झाले. त्यान्वये, सेवनविषयक कलम २७ वगळता, शिक्षेची तहकुबी, माफी व सौम्यीकरण निषिद्ध ठरले. हा निषेध रजेलाही लागू होतो काय, हा प्रश्न दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. रजेवरील बंदिवान शिक्षाच भोगीत असतो. सबब रजा म्हणजे तहकुबी नव्हे, असा निर्णय २००० साली झाला.

तथापि अर्जाचा मार्ग मोकळा झाला, म्हणजे रजा मिळालीच असे नाही. ती नियमांच्या अधीन असते. बंदिवानाचे घर बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात आणि तो स्वतः परप्पन अग्रहारच्या कारागृहात असेल, तर मातेच्या आजाराचा दाखला, त्याची कारागृहातील वर्तणूक आणि घराकडील पोलिसांचा अहवाल यांना महत्त्व येते. अपराधाचे केवळ नाव पाहून अर्ज फेटाळला, तर वचन देणारा माणूस विचाराबाहेरच राहतो. आणि मग ‘अभिवचन’ हा शब्दही पोकळ ठरतो.