गावात सोबती नसताना

प्रश्न : मी भिलाईत परिचारिका आहे. पगारातला ठरावीक हिस्सा कुष्ठरोग आणि आदिवासी आरोग्याच्या कामाला देते; सुटीत स्वतः जावं असंही वाटतं. पण ही ओढ असलेलं इथे कुणी भेटत नाही. मराठी मंडळी भेटतात, माणसं चांगली आहेत, मात्र विषय काढला की कौतुकावरच थांबतो. एकटीनं किती दिवस टिकणार?

उत्तर : एकटीनं टिकणं खरंच अवघड. पण सोबती भिलाईतलेच हवेत, ही अट सोडा.

भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणारी दल्ली राजहरा तुम्हाला ठाऊक असेलच. तिथल्या खाणकामगारांनी स्वतःच्या पैशांतून, श्रमांतून उभारलेलं शहीद रुग्णालय १९८३ साली सुरू झालं. तिथे काम केलेले डॉ. बिनायक सेन 'मेडिको फ्रेंड सर्कल'चे. १९७४ पासूनचं हे मित्रमंडळ देशभर विखुरलेल्या डॉक्टरांचं आणि आरोग्य कार्यकर्त्यांचं. वर्षातून एकदा एखादा विषय घेऊन सगळे जमतात, एरवी पत्रिकेतून वाद घालत आले. माझ्या मते या वादांमुळेच ती मैत्री टिकली. नुसती पाठ थोपटून घ्यायला माणसं इतकी वर्षं येत नाहीत.

तुमच्यासाठी त्याहून सोपी वाट चांप्याची. स्वतः कुष्ठरोग भोगलेल्या सदाशिव कात्रे यांनी १९६२ साली तिथे भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. अमरावती जिल्ह्यातून आलेले दामोदर बापट पुढे आयुष्यभर तिथेच राहिले. दुर्गहून बिलासपूरमार्गे चांप्याला गाडीनं जाता येतं. आधी विचारून घ्या, परिचारिकेचा हात कुठे हवाय? बधिर पावलं रोज पाण्यात भिजवायची, कडक कातडी घासायची, तेल लावायचं, नवी जखम शोधायची; हे काम तुम्हाला येतं. आणि एकदाच जाऊन येऊ नका, दरवर्षी त्याच महिन्यात जा. तेव्हाच येणारे इतर लोक ओळखीचे होतील, मग मधल्या अकरा महिन्यांत त्यांचा फोन येईल.

प्रश्न : आम्हा जुन्या मित्रांचा फोनवर गट आहे. सगळ्यांना समाजासाठी काही करायचंय, पण चर्चा विझते.

उत्तर : गटाला काम नाही, म्हणून विझते. पुण्याची 'मैत्री' संस्था पावसाळ्यात मेळघाटात धडक मोहीम चालवते. वेगवेगळ्या गावांचे स्वयंसेवक तुकड्या-तुकड्यांनी तिथे जाऊन राहतात. चर्चा सोडा, यंदाच्या तुकडीत कोण जातोय तेवढं गटावर विचारा.