तरतूद : हिशेबातली आणि कायद्यातली

पुस्तपालनात ‘तरतूद’ हा शब्द आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी सुरुवातीलाच शिकतो. गिऱ्हाइकाकडचे येणे बुडेलच अशी खात्री नसते, नुसती शंका असते. तरीही चोख हिशेबनीस त्या शंकेपोटी नफ्यातून काही रक्कम बाजूला काढतो. संभाव्य नफा धरू नये, संभाव्य तोटा मात्र धरावा, हा सावधगिरीचा संकेत होय. कायद्यात जे लिहिलेले असते त्यालाही आपण तरतूदच म्हणतो. मग कायदे करणारे व राबविणारे हा संकेत पाळतात काय? जपानमधील मिनामाताची हकीगत वाचताना हा प्रश्न मला पडला.

क्यूशू बेटावरील या गावी चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. तेथे ॲसिटाल्डिहाइड तयार करताना पारा वापरीत आणि सांडपाणी समुद्रात सोडीत. त्यातील सेंद्रिय पारा मासळीत साठला व मासळीतून कोळ्यांच्या पोटात गेला. 1 मे 1956 रोजी या रोगाची पहिली सरकारी नोंद झाली. हातपाय लटपटत, दृष्टी आकसे, वाचा अडखळे, कित्येक दगावले. आईच्या पोटातली मुलेही सुटली नाहीत.

1957 मध्ये कुमामोतो प्रांताने आरोग्य मंत्रालयाला विचारले, की अन्नविषयक कायद्याखाली या मासळीवर बंदी घालता येईल काय? खाडीतील सगळीच मासळी विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून येणार नाही, असे उत्तर मिळाले. 1958 मध्ये तोक्योजवळ कागद कारखान्याच्या सांडपाण्याने मासळी मेली व संतप्त कोळी कारखान्यात घुसले. त्यानंतर संसदेने पाण्याच्या शुद्धतेसाठी दोन कायदे केले. परंतु सरकारने एखादे जलक्षेत्र घोषित केल्याखेरीज ते तेथे लागू होत नसत, आणि मिनामाताचा समुद्र घोषित व्हायला 1969 साल उजाडले!

दरम्यान 1959 च्या जुलैत कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. कंपनीचे डॉक्टर होसोकावा यांनी सांडपाणी मिसळलेले अन्न मांजराला घातले, तेव्हा त्यालाही तोच रोग झाला. कंपनीने ही गोष्ट दडपली. 2 नोव्हेंबरला खासदार पाहणीस आले, कोळ्यांनी त्यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले. डिसेंबरअखेर कंपनीने मृतामागे 3 लाख येन ‘सांत्वना’ म्हणून देऊ केले. पुढे दोष कारखान्याचा ठरला तरी जादा मागणार नाही, हे मात्र लिहून घेतले.

सरकारपुढेही पेच होता, हे मान्य केले पाहिजे. गावातील अनेकांची चूल त्याच कारखान्यावर पेटत होती, आणि देशाला उद्योग हवे होते. परंतु तागडीच्या एका पारड्यात उत्पादनाचे आकडे होते, दुसऱ्यात शंका. शंकेला वजन कोणी दिलेच नाही.

सरकारने कारण मान्य केले 1968 च्या सप्टेंबरात, म्हणजे ती उत्पादनपद्धती कंपनीने बंद केल्यावर. तोवर, 1965 मध्ये, निइगाता येथे दुसऱ्या कंपनीच्या पाऱ्याने हाच रोग उद्भवला होता. 1970 च्या अखेरच्या अधिवेशनात संसदेने प्रदूषणविषयक 14 कायदे संमत केले. पर्यावरणरक्षण आर्थिक विकासाशी मेळ राखून व्हावे, हे मूळ कायद्यातील कलमही गाळले. 1973 मध्ये न्यायालयाने तो सांत्वना-करार रद्द ठरवून 1 कोटी 80 लाख येनपर्यंत भरपाई देवविली. आणि 2004 मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला, की 1960 च्या जानेवारीपासून हाती अधिकार असूनही केंद्र सरकारने पाण्याचे कायदे आणि प्रांताने मासेमारीचे नियम वापरले नाहीत. म्हणून दोघेही जबाबदार आहेत.

म्हणजे कायदा नव्हता असे नाही. कायदा होता, पण तो खात्रीची वाट पाहत बसला. आपल्याकडेही भोपाळची वायुदुर्घटना 1984 ची आणि पर्यावरण संरक्षण कायदा 1986 चा, हा क्रम विसरण्याजोगा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या आपल्यातले कितीतरी जण कारखान्यांचे ताळेबंद लिहितील, तपासतील. बुडीत येण्यांची तरतूद आपण विसरणार नाही, कारण ती विसरल्यास लेखापरीक्षक कान धरतो. पण नाल्यातून वाहून गेलेला तोटा कोणत्याच खात्यावर पडत नाही. तो कोळ्याच्या घरी जमा होतो. त्याची तरतूद शंका आली त्याच दिवशी व्हायला हवी.