हळद साबणाने लाल का होते?

प्रश्न : लग्नाच्या पंगतीत पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडले. घरी येऊन साबण लावला, तर पिवळा डाग एकदम लालभडक झाला. मी घाबरलो. आई म्हणाली, काही होत नाही, धू आणि उन्हात टाक. खरेच डाग गेला. उलट चहाचे डाग आमच्या बोअरच्या पाण्यात धुतले की जास्तच काळे पडतात. आणि घरातल्या जुन्या चादरीच्या कोपऱ्यावर परटाने बिब्याने केलेली खूण आहे, ती चादर विरली तरी जात नाही. एकाच मोरीवर तीन डागांच्या तीन तऱ्हा, असे का?
– एक वाचक, प्रतापगड (ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : तालुका आणि जिल्हा लिहिलात हे बरे केले. नुसते प्रतापगड वाचले की आमच्याकडे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे जावळीचे खोरे उभे राहते. महाशिवरात्रीला डोंगरावरच्या महादेवाची यात्रा भरते आणि जवळच दर्गाही आहे, ते तुमचे प्रतापगड विदर्भाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते.

आता डागांकडे वळू. तुमचे तीनही डाग समजायचे असतील तर धोब्याला विचारण्याआधी रंगाऱ्याला विचारावे. डाग म्हणजे नको त्या जागी झालेले रंगकामच. रंगाऱ्याच्या लेखी रंग दोन जातींचे, कच्चा आणि पक्का. हळद कच्ची. चहा एरवी मध्यम, पण लोखंडाची साथ मिळाली की पक्का. बिबा तर रंगापेक्षा व्हार्निशच्या जातीचा.

हळदीतला पिवळा पदार्थ म्हणजे करक्युमिन. त्याच्या दोन खोडी आहेत. पहिली, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते. म्हणून नुसती कोरडी हळद सांडली तर झटकून बरीचशी जाते, पण फोडणीच्या वरणातली हळद तेलावर स्वार होऊन सुताच्या आत शिरते. दुसरी खोडी तुम्ही पाहिलीत ती. करक्युमिन आम्लात पिवळे राहते आणि आम्लारीत लाल होते. शाळेत हळदीचा कागद करून चुन्याच्या निवळीत बुडवला असेल, तोच हा प्रयोग. कपडे धुण्याची वडी, धुण्याचा सोडा, राखेचे पाणी हे सगळे आम्लारी आहेत. हळदीला चुना लावून लाल करण्याची युक्ती कुंकू करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, तुम्ही ती नकळत सदऱ्यावर केलीत. लाल झालेल्या डागावर लिंबू पिळून पाहा, पुन्हा पिवळा होईल. रिठ्याच्या पाण्याने धुतले असते तर लाल झालाच नसता, कारण रिठ्याचा फेस आम्लारी नसतो.

म्हणजे लाल होणे हे डाग बिघडल्याचे लक्षण नाही. उलट आम्लारी पाण्यात करक्युमिन थोडे जास्त विरघळते आणि लवकर मोडतेही. मग उरलेले काम ऊन करते. प्रकाशाने करक्युमिनच्या रेणूची साखळी तुटते, आणि तुटलेल्या तुकड्यांना रंग नसतो. म्हणून तर रंगारी हळदीच्या भरवशावर पिवळे लुगडे रंगवून त्याच्या टिकाऊपणाची हमी देत नसत. तुमच्या आईंनी सांगितले ते शंभर टक्के बरोबर. फक्त क्रम सांभाळा. आधी भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब लावून तेल काढा, कारण तेल राहिले तर आतली हळद सुटत नाही. मग कोमट पाण्यात धुवा आणि ओला कपडा डागाची बाजू वर करून कडक उन्हात टाका. फिकट राहिला तर पुन्हा भिजवा, पुन्हा टाका. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका. आणि हा उपाय पांढऱ्या सुती कपड्याचा आहे. रंगीत साडीवर तेच ऊन हळदीबरोबर साडीचाही रंग नेते, तिथे डागापुरते ऊन देण्याची सोय नाही.

चहाची गोष्ट निराळी. चहात टॅनिन असते. हिरड्यात असते, जांभळात असते, सुपारीत, डाळिंबाच्या सालीत आणि तुमच्या भागात उन्हाळ्यात गावेच्या गावे जे तोडायला रानात जातात त्या तेंदूच्या पानांतही असते. टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळानिळा पदार्थ तयार होतो, आणि तो पाण्यात विरघळत नाही. जुन्या वह्या-पोथ्यांची शाई याच जोडीने होत असे. हिरड्याचा काढा आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, एकत्र केले की झाली शाई. सुती कापडावर काळा रंग चढवायला छिपेही गूळ-पाण्यात गंजके लोखंड कुजवून ते हिरड्यात भिजवलेल्या कापडावर लावतात. म्हणजे चहा सांडलेला सदरा लोहाच्या पाण्यात बुडवणे हे अगदी शास्त्रशुद्ध छपाईकाम झाले!

तुमच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे का, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. ताजे उपसलेले पाणी पांढऱ्या भांड्यात रात्रभर उघडे ठेवा. काढताना स्वच्छ दिसणारे पाणी सकाळी पिवळसर झाले आणि तळाशी तांबूस गाळ बसला, तर लोह आहे. जमिनीखाली हवा नसते, तिथे लोह विरघळलेल्या, बिनरंगी रूपात असते. वर येऊन हवा लागली की त्याचा गंज होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेले की कपड्यांवर आणि नळाच्या भांड्यांवर डाग पडू लागतात. पांढरी धोतरे नुसत्या पाण्याने पिवळी पडतात ती यामुळेच, त्यात परटाचा दोष नाही.

इथे बहुतेक घरांत एक चूक होते. कपडा पिवळा पडला की ब्लीच ओततात. ब्लीच पाण्यातल्या लोहाचा गंज आणखी लवकर करते आणि तो सुतात बसवते. कपडा ज्या रोगाने आजारी, तेच औषध म्हणून पाजल्यासारखे. लोहावर उतारा आम्लाचा. लिंबाचा रस आणि मीठ डागावर लावून तासभर ठेवा, किंवा किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून त्यात कपडा भिजवा, आणि नंतर भरपूर पाण्याने खळबळून काढा. काळा झालेला चहाचा डागही याने बराच उतरतो. पण हे शेवटचे खळबळणे त्याच बोअरच्या पाण्यात केले तर फेरा पुन्हा सुरू. त्यासाठी पाणी आदल्या रात्री टाकीत किंवा ड्रममध्ये उंचावरून ओतून ठेवा, हवा लागून गाळ बसेल, आणि सकाळी न ढवळता वरचे पाणी घ्या. पांढऱ्या कपड्यांपुरते पावसाचे साठवलेले पाणी मिळाले तर सोन्याहून पिवळे.

एक इशारा मात्र गंभीरपणे. ब्लीच आणि आम्ल, मग ते लिंबू असो, व्हिनेगर असो की संडास धुण्याचे अ‍ॅसिड, एकाच बादलीत कधीही आणू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि दार लावलेल्या न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. एक वापरून झाले, कपडा नीट धुतला, वाळला, मगच दुसरे.

पानाच्या पिचकारीचे तुम्ही विचारले नाहीत, पण खैराच्या जंगलाशेजारी राहून तो प्रश्न फार दिवस टळणार नाही. कथ्था म्हणजे खैराच्या लाकडाचा गाभा उकळून आटवलेला अर्क. त्यात टॅनिनच्या कुळातले पदार्थ ठासून भरलेले, आणि पानात वरून चुना. चुन्याच्या संगतीने कथ्था हवेतला प्राणवायू घेऊन तपकिरी-लाल होतो आणि घट्ट बसतो. युरोपातल्या कोळ्यांनी पूर्वी जाळी आणि शिडे कुजू नयेत म्हणून कथ्थ्यात रंगवली, यावरून त्याचा चिवटपणा समजावा. ताजा डाग असेल तर लगेच पाणी आणि लिंबू, साबण नंतर. वाळलेला असेल तर पांढऱ्या सुतीवर ब्लीच चालेल, पण पाणी लोहाचे नाही याची खात्री करून.

बाकीचे थोडक्यात. रक्त नेहमी थंड पाण्यात, गरम पाण्याने त्यातले प्रथिन शिजून सुताला चिकटते. दुधाच्या चहालाही म्हणून आधी थंड पाणी. रोवणीचा चिखल ओला असताना चोळू नका, बांधीतली माती इतकी बारीक असते की चोळल्याने ती सुतात दडपली जाते. वाळू द्या, झटका, मग भिजवा. बॉलपेनला स्पिरिट, खाली जुने फडके ठेवून. दुधात भिजवण्याचा उपाय सगळीकडे सांगतात, पण त्याने दूध वाया जाते एवढेच मी पाहिले आहे.

राहिला बिबा. बिब्याच्या टरफलातला तेलकट रस हवेत वाळताना घट्ट होत जातो. त्याचे छोटे रेणू एकमेकांत गुंफून मोठे जाळे बनते, ते सुताच्या धाग्याभोवती बसते, आणि चुना लावला की आणखी काळे व पक्के होते. ते ना पाण्यात विरघळते, ना साबणाने सुटते, ना उन्हाने मोडते. हळदीसारखा एकेकटा रेणू तोडण्याचा प्रश्नच नाही. परटांनी हा रस निवडला तो याच गुणासाठी, शंभर घरांचे कपडे एका भट्टीत उकळायचे तर उकळून जाणारी खूण काय कामाची?

हाच रस अंगाला लागला की बिबा उततो. तो ज्यांना सहन होत नाही त्यांना कपड्यावरच्या खुणेनेही पुरळ उठते. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर असे फोड आले, तेव्हा डॉक्टरांनी शोध घेतला आणि कारण निघाले कपड्यांवरची धोब्याची बिब्याची खूण. ज्याच्या गोडंबीचे लाडू आपण हिवाळ्यात खातो त्याच फळाचे हे कर्तृत्व.

तेव्हा चादरीवरची खूण तशीच राहू द्या. ती काढण्यासाठी रॉकेल, पेट्रोल किंवा अ‍ॅसिड लावलेत तर कापड आधी जाईल. अंगाला खाज येत असेल, तर तेवढा कोपरा कापून दुमडून शिवा. आणि घरी बिबे फोडत असाल तर हाताला आधी खोबरेल तेल चोळा, अंगात जुना सदरा घाला, आणि तो सदरा इतर कपड्यांबरोबर भिजवू नका.